जग चालवणाऱ्यांचा पत्ता

उलवे, नवी मुंबई
१२ ऑक्टोबर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

द्राक्षाच्या गोडी छाटणीच्या धांदलीत असशील, म्हणून रात्री जेवणं आटोपल्यावर वाच. परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं, ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. तू कुठलासा व्हिडिओ बघून म्हणालास, "युरोपातली तेरा घराणी जग चालवतात, आपण कितीही राबलो तरी काही उपयोग नाही." लागोपाठच्या गारपिटीनंतरही ज्याने बागेला कुऱ्हाड लावली नाही, त्याने असं बोलावं याचं मला फार वाईट वाटलं.

मूठभर लोकांच्या हाती अफाट ताकद आहे, हे मला मान्यच आहे. न्हावा शेवा बंदरात रोज शिपिंग बिलं घेऊन फिरणाऱ्या माणसाला ते दिसतंच. तुझ्याच मालाचं बघ. २०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनच्या हुथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि डिसेंबरात बड्या कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालायला सुरुवात केली. खलाशांच्या जिवाचा प्रश्न होता, त्याबद्दल मी कुणाला बोल लावणार नाही. पण त्या हंगामात तुझा रीफर, म्हणजे थंड कंटेनर, यार्डात प्लगवर उभा होता तेव्हा मी तिथे होतो. पॅनेलवर शून्याच्या आसपासचा आकडा, आतला पंखा घरघरतोय, आणि माझ्या हातात जहाज कंपनीची एका पानाची सूचना: सरचार्ज इतका, अमुक तारखेपासून लागू. सही नाही, कारण नाही, विचारायला माणूस नाही. रॉटरडॅमचा प्रवास दोनेक आठवड्यांनी लांबणार होता. तुझ्या मण्यांचं देठाशी काय होणार, हे त्या पानावर कुठेच नव्हतं.

आता हे कोण ठरवतं? इथेच आपलं जमत नाही. तुझ्या व्हिडिओवाल्याला कुणीतरी पडद्याआड बसलेलं लागतं. मला तर नावं, गावं सगळं उघड्यावर दिसतं. जगातली सगळ्यात मोठी कंटेनर कंपनी एमएससी, जिनिव्हाची, आपोंते कुटुंबाच्या मालकीची, १९७० साली एका जहाजावर सुरू झालेली. मार्सेची सीएमए सीजीएम साआदे कुटुंबाकडे आहे. कोपनहेगनची मर्स्क तिच्या संस्थापकाच्या नावाच्या प्रतिष्ठानच्या ताब्यात आहे. जगातल्या एकूण कंटेनर-क्षमतेचा चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा या तिघांकडे. आमच्याच बंदरात सिंगापूर, दुबई आणि डेन्मार्कच्या कंपन्या टर्मिनल चालवतात. यात गुपित काहीच नाही, गेटवर पाट्या लावल्यात.

पैशाचंही तसंच. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत देशाला मत मिळतं ते त्याच्या कोट्याप्रमाणे, म्हणजे त्याने भरलेल्या वाट्याप्रमाणे. अमेरिकेकडे साधारण साडेसोळा टक्के मतं आहेत, आणि मोठ्या निर्णयाला ८५ टक्के लागतात. म्हणजे एकट्या अमेरिकेने नाही म्हटलं की विषय संपला. एकशे चाळीस कोटींच्या भारताकडे अडीच टक्क्यांहून थोडी जास्त. जागतिक बँकेचा अध्यक्ष आजवर अमेरिकन आणि नाणेनिधीचा प्रमुख युरोपियन, हा रिवाज १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेतून उभ्या राहिलेल्या या संस्थांत अजून मोडलेला नाही. आज बँकेवर पुण्यात जन्मलेले अजय बंगा आहेत, पण अमेरिकेचे नागरिक म्हणून, अमेरिकेने नाव सुचवल्यावर. हा अन्याय मला कुठल्याही गुप्त मंडळापेक्षा जास्त बोचतो, कारण तो नियमात लिहून ठेवलाय आणि त्यावर कुणी व्हिडिओ करत नाही.

दावोस, बिल्डरबर्ग या बड्या लोकांच्या बैठकांचंही थोडं सांगतो. बिल्डरबर्गची बैठक १९५४ पासून होते. हल्ली कोण येणार त्याची यादी जाहीर होते, पण कोण काय बोललं ते बाहेर सांगायचं नाही, असा दंडक आहे. निवडून दिलेला मंत्री बँकवाल्यांबरोबर बंद दाराआड बसतो आणि आपल्या मतदारांना काही सांगत नाही, हे चूकच आहे, तुझा राग बरोबर आहे. दावोसला तर आपलं राज्यही जातं. २०२५ च्या जानेवारीत तिथे पंधरा लाख कोटींहून जास्त रकमेचे सामंजस्य करार झाले, आणि त्यातल्या कित्येक कंपन्यांच्या कचेऱ्या आपल्या मुंबई-पुण्यातच. मला ते खटकलं. पण हुकूम तिथून सुटत नाहीत. तिथे ओळखी होतात, आणि ज्याची ओळख त्याचा फोन उचलला जातो. द्राक्षवाल्यांचा फोन उचलणारं तिथे कुणी नाही, खरं दुखणं हे.

आणि दत्ता, ते 'ज्यू घराण्यांचं कारस्थान' वगैरे पुढे पाठवू नकोस, हात जोडून सांगतो. १९०३ साली रशियात असाच एक दस्तऐवज छापून आला होता. तो दुसऱ्या पुस्तकातून उचललेला आणि बनावट आहे हे लंडनच्या टाइम्सने १९२१ साली पुराव्यासकट दाखवलं, तरी नाझींनी तो शाळांपर्यंत नेला. पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. तुझ्या सरचार्जचा आणि कुणाच्या धर्माचा काडीचा संबंध नाही.

उपयोग नाही म्हणतोस ना? कंपन्यांनी मिळून जहाजं चालवावीत म्हणून युरोपीय महासंघाने त्यांना स्पर्धा-कायद्यात खास सूट दिली होती. माल पाठवणारे आणि त्यांची वाहतुकीची व्यवस्था बघणारे फॉरवर्डर वर्षानुवर्षं तक्रारी करत राहिले. शेवटी आयोगाने मुदत वाढवली नाही आणि २५ एप्रिल २०२४ ला ती सूट संपली. कुठल्या दारावर जायचं हे त्या लोकांना ठाऊक होतं.

आणि माझ्या घरापासून जवळच जासई आहे, दि. बा. पाटलांचं गाव. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा आगरी-कोळी माणसं त्यांच्या मागे उभी राहिली. १९८४ च्या जानेवारीत पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड द्यायचं तत्त्व आलं. समोर सरकार होतं, नवी मुंबई वसवणारी सिडको होती. मोर्चा कुणावर न्यायचा हे गावागावात माहीत होतं. तेरा अदृश्य घराण्यांवर कुणी मोर्चा नेला असता? तुला गप्प बसवायला ती गोष्ट फार सोयीची आहे रे, आणि त्याचा फायदा नेमका त्या बड्यांनाच होतो.

तर माझं एक काम कर. गेल्या तीन हंगामांची भाड्याची बिलं आणि सरचार्जच्या सूचना पॅकहाऊसमधून काढून मला पाठव. प्रत्येकीवर कंटेनर नंबर आणि तारीख स्पष्ट दिसतेय ना, तेवढं बघ. गावातल्या आणखी चार-पाच जणांची मिळाली तर फारच बरं. मी इथून जहाजभाड्याचं दर आठवड्याचं भावपत्रक जोडतो. मग बागायतदार संघातर्फे नौवहन महासंचालकांच्या मुंबईतल्या कचेरीत रीतसर अर्ज देऊ. सरचार्ज कशाच्या आधारावर, आणि भाडी उतरली की तो का उतरत नाही, एवढे दोनच प्रश्न. जानेवारीत माल सुरू व्हायच्या आत अर्ज गेला पाहिजे.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विलास