बाळू, गाडी कुठली घेऊ?

ओतूर,
१५ ऑक्टोबर २०२३, घटस्थापना

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे ठीक. आबांचा खोकला आहे तसाच, माझी शुगर गोळीवर चाललीय. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं मला तुझ्या चुलत्याकडून कळलं, पारावर, चार माणसांत. फार वाईट वाटलं. तीन वेळा तुझा नंबर काढला आणि तीनही वेळा फोन खाली ठेवला. तू माझा आवाज ऐकून पहिल्या वाक्यालाच ओळखलं असतंस की काहीतरी झालंय. म्हणून लिहायला बसलोय. घट बसलेत, घरात गडबड आहे, कोणी विचारणार नाही.

दसऱ्याला नऊ दिवस उरलेत आणि माझी गाडी ठरत नाही.

म्हातारी, आपली जुनी गाडी, आता काढायची. तू सोडून गेलास त्यालाही नऊ वर्षं होतील, तिनं तशीच साथ दिली, पण आता चासीला गंज धरलाय, मागच्या फाळक्याला तारेनं बांधावं लागतं. जुलैत टोमॅटोनं जे दिलं ते तुला माहीतच आहे. नारायणगावच्या बाजारात वीस किलोचं कॅरेट दोन हजारावर गेलं तेव्हा माझा प्लॉट ऐन तोड्यात होता. आयुष्यात पहिल्यांदा विक्रीची पट्टी हातात घेऊन मी ती दोनदा वाचली. सोसायटीचं कर्ज फेडलं, विहिरीचं काम केलं आणि उरलेले साडेतीन लाख गाडीसाठी बाजूला ठेवले. तुझी वहिनी म्हणत होती आधी घरावर स्लॅब टाका. मी म्हटलं, गाडी चालली तर स्लॅब पडेल.

तर दोन गाड्या समोर आहेत. महिंद्राची बोलेरो मॅक्स पिकअप, एचडी, दोन टन पासिंगवाली, आणि टाटाची योद्धा २.०, तीही दोन टनाचीच. हातात पडेपर्यंत दोन्ही दहा-अकरा लाखांच्या घरात. हप्त्यात फरक असा की चहापाण्यात निघून जाईल. दोघींनाही पुढं डिस्क, मागं ड्रम, पाच गिअर. म्हणजे कागदावर बघशील तर सख्ख्या बहिणी.

ओंकारला योद्धा हवी. त्याचं सगळं तोंडपाठ आहे. २.२ लिटरचं इंजिन, १०० एचपी, अडीचशेचा टॉर्क. महिंद्राचं इंजिन अडीच लिटरचं, पण ८० एचपी आणि टॉर्क २२०. पोरगं जेवताना एक घास आणि एक आकडा असं चाललंय. आबा महिंद्राच्या बाजूनं. त्यांचं म्हणणं एकच, रानातल्या रस्त्यावर दहा गाड्या उभ्या असल्या तर त्यातल्या सात कुठल्या ते मोज. गॅरेजवाला चाचाही तिकडेच. तो म्हणतो, दत्ताभाऊ, महिंद्राचं काम घाटाखालच्या टोकावड्यातलं पोरगंही रात्री दोनला टॉर्च तोंडात धरून करून देईल, सामान कुठंही मिळेल, आणि पाच वर्षांनी विकायला काढलीस तर गिऱ्हाईक दारात येईल. हे खरं आहे, तुलाही पटेल.

मी माझा हिशेब मांडला. दहा फुटी हौद्यात एका थरात चोवीस कॅरेट बसतात, तीन थर म्हणजे बहात्तर. भरलेलं कॅरेट बावीस किलो धर. सोळाशे किलोच्या आत. चौथा थर पुरा लावला तर दोन टनाच्याही वर जातं, ते कुठल्याच गाडीत कायद्यानं बसत नाही. म्हणजे माझं काम तीन थरांत भागतं आणि ते दोघीही हसत नेतील. मग वीस घोडे जास्तीचे कशाला? बाळू, आपला लोड जातो कुठं? ओतूरपासून खुबी फाट्यापर्यंत जवळजवळ सपाट, मग माळशेज उतरायचा, खाली मुरबाड, कल्याण परत सपाट. भरलेली गाडी आपण चढवतच नाही, आपण ती उतरवतो. चढते ती मोकळी, रिकाम्या कॅरेटांची. सगळं जग मला गाडी ओढते किती ते सांगतंय आणि मला हवंय ती धरते किती.

हे मी ओंकारला सांगितलं. त्यानं काय उत्तर द्यावं? म्हणाला, पप्पा, मोकळी गाडी वर आणता हाच तर तुमचा तोटा. मी कल्याणहून परतीचं भाडं घेणार, पत्रे, पाइप, सिमेंट. मग चढ लागणार ना? बोलती बंद. खरंच आहे त्याचं. आपण दोघं इतकी वर्षं रिकामी कॅरेटं वाजवत वर आलो आणि एकालाही हे सुचलं नाही. सुचलं असतं तरी तू मागच्या बाजूला झोपायची जागा जाते म्हणून नाही म्हणाला असतास.

आता जे लिहायचं ते लिहितो.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्रीची गोष्ट. बाजार पार पडलेला. जुलैत दोन हजाराला गेलेलं कॅरेट शंभर-सव्वाशेला कोणी घेईना. कल्याणला थोडं बरं मिळेल म्हणून सत्तर कॅरेट भरली आणि निघालो. ओंकार शेजारी. वर पाऊस, घाटाच्या तोंडाशी धुकं, बोनेटच्या पुढचं काही दिसत नव्हतं. बोगदा ओलांडला, थोडं खाली आल्यावर धुकं विरळ झालं. आणि मी गाडी न्यूट्रल केली.

हो. तुझी शप्पथ घेऊन सोडलेलं. डोक्यात एकच चाललं होतं, सत्तर कॅरेटचे सात हजार, त्यातून तोडणी, हमाली, आडत, आणि येऊन-जाऊन एकोणीसशे रुपयांचं डिझेल. जेवढं वाचेल तेवढं वाचेल. हात आपोआप गेला. तीन वळणं गेली आणि चौथ्याला पायडल पायाखालून गेलं. एकदम नाही, मऊ झालं, जसा चिखलात पाय जातो तसा गेला. दुसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं. मागनं जळका वास आला. ओंकार म्हणाला, पप्पा, आणि गप्प झाला.

तुझा आवाज कानात आला बाळू. खरंच सांगतो. "घाबरून चौथा शोधू नको, डबल क्लच मार, तिसरा घाल." मध्ये ॲक्सिलरेटर दिला, तिसरा करकरत बसला, मग दुसरा. इंजिन असं ओरडलं की वाटलं बाहेर येतंय. हँडब्रेक दात मोजत ओढला आणि डोंगराच्या अंगाचं चाक गटारात घातलं. पन्नासेक फूट घासत जाऊन उभी राहिली. वरचा थर सरकून पाचसहा कॅरेट रस्त्यावर फुटली. लाल चिखल झाला नुसता. मी खाली उतरलो आणि दगडावर बसलो, पाय उभे राहीनात. ओंकारनं दोन चाकांना दगड लावले, मागं जाऊन टॉर्च हलवत उभा राहिला. एकोणीस वर्षांचं पोर.

चाचानं नंतर उघडून दाखवलं. ब्रेक ऑइल काळं पडलेलं, मी चार वर्षांत बदललं नव्हतं. जुनं तेल पाणी धरतं, ड्रम तापले की उकळतं, वाफेचा बुडबुडा होतो आणि पायडल खाली जातं. गिअरमध्ये असतो तर ब्रेकवर एवढा भार आलाच नसता. हे चाचा बोलला नाही, कारण न्यूट्रलचं मी त्याला सांगितलंच नाही. कोणालाच सांगितलं नाही. ओंकारनं गावभर केलं की ब्रेक फेल झाले आणि पप्पांनी गाडी थांबवली. मंडळानं विसर्जनाला मला पुढं बोलावून नारळ दिला. मी तो घेतला. तो नारळ अजून देवळीत आहे, फोडायचा धीर होत नाही.

वाचलं किती असेल? अर्धा लिटर. पन्नास रुपयेही नाहीत.

२०११ साली ह्याच न्यूट्रलपायी तू घाटाखाली सावर्ण्याला गाडीतून उतरलास, डबा माझ्या मांडीवर ठेवलास आणि म्हणालास, "दत्त्या, मला पोरी आहेत," आणि एसटीनं घरी गेलास. तीन महिने बोलला नाहीस. मी सगळ्यांना सांगत सुटलो की ताडपत्रीच्या पैशावरनं भांडण झालं. ताडपत्रीचे अकराशे खरं तर माझ्याकडेच होते, तेही आज कबूल करतो. तेव्हा वाटलं होतं तू भित्रा आहेस. भित्रा तू कसला! मढजवळ वरातीच्या मागं तो म्युझिकल हॉर्न वाजवून नवरदेव घोड्यासकट धरणाच्या दिशेनं पिटाळणारा माणूस तू. आठवलं की अजून एकटाच हसतो.

पण मूळ गोष्ट राहिलीच. परवा एका शोरूमची गाडी फिरवायला घेतली. ओंकार चालवत होता, मी शेजारी, शोरूमचं पोरगंही सोबत. डिंगोऱ्याच्या अलीकडं छोटासा उतार आहे बघ, शाळेच्या पुढं. तिथं आला आणि त्यानं दोन बोटांनी, नुसत्या मनगटानं, गिअर काढून न्यूट्रलला टाकला. तळहात दांड्यावर तसाच ठेवला. हुबेहूब मी. तसाच अंगठा बाहेर. शोरूमचं पोरगं म्हणालं, दादा, नव्या गाडीत गिअरमध्ये पाय उचलला की इंजिन डिझेल घेतच नाही, न्यूट्रलला उलट चालू राहायला घेतं. म्हणजे वाचत तर काहीच नाही, उलट जातं. ओंकार म्हणाला, असं होय, आणि परत गिअर घातला. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. तेव्हा मला कळलं की त्या रात्रीही त्यानं माझा हात बघितला असणार. लहानपणापासून शेजारी बसतोय तो. त्याला माहीत आहे, आणि तरी त्यानं गावात माझं नाव मोठं केलं.

आता सांग, ह्या पोराच्या हातात मी १०० एचपी देऊ की ८०? गाडी त्याच्याच नावावर घ्यायचीय, फेरे तोच मारणार. म्हणून ठरत नाही. लोकांना वाटतं दत्ता टाटा की महिंद्रा करतोय.

दोन्ही चालवून पाहिल्या मी. योद्धा चढाला खरोखर हलकी वाटते, तिसऱ्या गिअरवर असताना खालचा गिअर घालावा लागत नाही. परतीचं भाडं घ्यायचं तर ओंकारचं बरोबर आहे. महिंद्रात बसल्यावर मात्र सगळं हाताला सवयीचं लागतं. चाचाचं म्हणणं, अडीच लिटरचं इंजिन गिअरमध्ये उताराला जास्त धरेल. मला मोकळ्या गाडीत तो फरक जाणवला नाही, भरून बघायला हवा. मन माझं थोडं महिंद्राकडं झुकतंय, ते टोकावड्याच्या पोरामुळं. रात्री दोनला पोरगा घाटाखाली अडकला तर त्याला कोणीतरी हात देणारं हवं. पण परत वाटतं, ही माझी भीती झाली, आणि भाडं तर त्याला मिळवायचंय.

तू ये. एवढंच मागणं आहे. दोन्हीकडं बोलून ठेवलंय, शनिवारी एक गाडी, रविवारी दुसरी, कॅरेट भरून द्यायला तयार आहेत, सोबत त्यांचा माणूस असेल. घाट तू उतरव, एकदा ही, एकदा ती. ओंकारला शेजारी बसव. ज्या गिअरनं चढायचा त्याच गिअरनं उतरायचा हे त्याला तू सांग, मला सांगताच येणार नाही, माझ्या तोंडी ते त्याला खोटं वाटेल. मी मागं बसतो. आणि त्या रात्रीचं मी त्याला तुझ्यासमोर सांगणार आहे. एकटा सांगायला गेलो तर अर्धवट सांगेन, हे तुला पक्कं माहीत आहे.

तुझी स्कूल बस शनिवारी अर्धा दिवस असते ना? मग दुपारी भोसरीवरून नारायणगावची एसटी धर, मी स्टँडवर घ्यायला येतो. मनीची नर्सिंगची परीक्षा कशी गेली ते लिहीत नाहीस, विचारतो म्हणून सांग तिला. वहिनींना जिना चढू देऊ नको. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराला आला नाहीस, तांदळाच्या पिंडी बघायला तुझ्याशिवाय मी पहिल्यांदा गेलो, गर्दीत सारखा मागं वळून बघत होतो.

येताना चष्मा आण. रविवारचा फेरा रात्रीचा आहे.

तुझाच,
दत्ता

ता. क. म्हातारीचं ब्रेक ऑइल बदललं. ताडपत्रीचे अकराशे पाकिटात घालून तुझ्या नावानं ठेवलेत, नाही म्हणू नको.