आजीला 'ओळख पाहू' म्हणू नकोस

चि. मुक्ता हीस,
अनेक आशीर्वाद.

तू दिवाळीला येणार हे कळलं तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. फोनवर बोलायला जावं तर आजी शेजारीच बसलेली असते, आणि तिच्यादेखत तिच्याविषयी बोलणं मला पटत नाही.

गणपतीत तू तिच्यापुढे बसून "ओळख पाहू मी कोण?" असं विचारलंस. ती कसनुशी हसली, पदर सारखा केला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तू आत जाऊन रडलीस. पण त्या रात्री ती झोपली नाही, हे मी तुला सांगितलं नव्हतं. काय बोचतंय ते तिला सांगता येत नव्हतं, नुसती येरझाऱ्या घालत होती.

बाळा, ती तुला विसरली असं म्हणू नकोस. नव्या आठवणी पक्क्या करणारा मेंदूतला भाग, हिप्पोकॅम्पस, तिला झालेल्या अल्झायमरच्या आजारात अगदी सुरुवातीला पोखरला जातो. पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची पुटं साचतात, आत टाऊ प्रथिनाचा गुंता होतो आणि पेशी मरत जातात. सकाळी काय खाल्लं ते तिच्याकडे नोंदलंच जात नाही. माहेरची विहीर, तिथला रहाट मात्र अजून जागच्या जागी आहे. तिच्या मनातली मुक्ता बहुधा दोन वेण्या घालणारी आहे. समोर उभी राहिलेली नोकरदार मुलगी तीच, हे तिला जुळवता येत नाही.

१९०१ साली फ्रँकफर्टला डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी ऑगुस्ट डेटर या ५१ वर्षांच्या बाईला तपासलं. नाव विचारलं, ती म्हणाली "ऑगुस्ट". नवऱ्याचं नाव विचारलं, तरी "ऑगुस्ट"च. १९०६ मध्ये ती गेल्यावर तिच्या मेंदूत त्यांना हीच पुटं आणि हेच गुंते दिसले. हे वाचलं तेव्हा मला आपल्या आजीचा चेहरा आठवला. डॉक्टरांना प्रश्न विचारावेच लागतात. आपल्याला कुठे लागतात?

चूक माझ्याकडूनही झाली आहे. एका संध्याकाळी तिनं विचारलं, "हे अजून कसे आले नाहीत?" मी खरं ते सांगितलं, की आजोबांना जाऊन नऊ वर्षं झाली. ती ऊर फुटेस्तोवर रडली, जणू आत्ताच कळलं. तासाभरानं पुन्हा तोच प्रश्न, माझं तेच उत्तर, पुन्हा तसंच रडणं. त्या दिवशी मी माझ्या आईला दोनदा विधवा केलं. आता मी म्हणतो, "ते आले की जेवायला काय करायचं?" मग ती पिठलं कसं घोटायचं ते सांगत बसते. हा खोटेपणा आहे असं मला आता मुळीच वाटत नाही.

आयोवा विद्यापीठात २०१४ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना दुःखाचे आणि आनंदाचे चित्रपटांतले तुकडे दाखवले होते. थोड्या वेळानं काय पाहिलं ते त्यांना धड आठवेना, पण मनावरचं सावट किंवा प्रसन्नपणा मागे राहिला. गणपतीतली ती रात्र मला तेव्हा उलगडली.

तुला हा आजार होईल का, असं तू विचारलं होतंस. उतारवयात होणारा अल्झायमर बहुतेक वेळा आईबापांकडून सरळ मुलांकडे येत नाही. घरात कुणाला असला तर धोका थोडा वाढतो, एवढंच. रक्तदाब, साखर सांभाळ, चालत राहा.

आलीस की समोरून ये, मागून हाक मारू नकोस, ती दचकते. आपणहून सांग, "आजी, मी मुक्ता. पुण्याहून आले." दिवेलागणीला ती बावरते, "घरी जायचंय" म्हणते, तेव्हा हेच घर आहे असा वाद घालू नकोस. माहेरचं काही विचार आणि तिचा हात धरून अंगणात फिरव.

आणि तिच्या शेजारी वाती वळायला बस. बोटाला दूध लावून ती अजून इतकी एकसारखी फुलवात वळते की तुझी आई बघत राहते. हातांची सवय मेंदूत दुसरीकडे राहते, तिथवर आजार अजून पोचलेला नाही. कापूस मी आणून ठेवला आहे. त्यातली सरकी काढायची राहिली आहे, ती तुम्ही दोघी मिळून काढा.

तुझा,
बाबा