घटका म्हणजे तास नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शब्दकोड्यात 'एक तास (तीन अक्षरी)' याचे उत्तर 'घटका' असे छापले आहे. चौकटी बरोबर भरतात, हिशेब मात्र चुकतो. घटका २४ मिनिटांची. दिवस-रात्र मिळून ६० घटका, एका घटकेची ६० पळे, एका पळाची ६० विपळे. म्हणजे तासात अडीच घटका बसतात. 'घटकाभर टेका' म्हणणारा माणूस मिनिटे मोजत नाही, मोजूही नयेत; पण ही सवलत कोडे रचणाऱ्याला कशी द्यायची?

घटका हे संस्कृत 'घटिका'चे मराठी रूप आणि घटिका म्हणजे लहानसा घट. भांड्याचेच नाव काळाला मिळाले. सूर्यसिद्धान्तात या यंत्राचे वर्णन आहे: तळाला भोक असलेले तांब्याचे पात्र, ते कुंडातल्या स्वच्छ पाण्यावर ठेवायचे. भोकातून पाणी आत चढते, पात्र भरते आणि बुडते. दिवस-रात्रीत ते ६० वेळा बुडले पाहिजे, नाहीतर भोक लहान-मोठे झाले असे समजायचे. 'घटका भरली' हा वाक्प्रचार याच पाण्यातून आलेला आहे. तिथे भरणे म्हणजे खरोखरचे भरणे, आणि भरले की बुडणे आलेच. 'अखेरच्या घटका मोजणे' म्हणतानाही मोजदाद या भांड्यांचीच.

भांडे बुडाले हे गावाला कळायचे कसे? त्यासाठी टांगलेल्या जाड पितळी तबकडीवर ठोके देत. बाबराने आपल्या आठवणींत या तबकडीचे नाव 'घडियाल' असे नोंदवले आहे; आपले मनगटावरचे घड्याळ त्याच घराण्यातले. बाबराची तक्रार मोठी व्यवहारी होती. प्रत्येक प्रहरात घटकांचे ठोके पुन्हा एकपासून सुरू होत आणि प्रहराचा आकडा फक्त प्रहर संपतानाच वाजे. मध्यरात्री जाग आलेल्याला तीन ठोके ऐकू आले, तर ते दुसऱ्या प्रहरातले की तिसऱ्या, हे कळायला मार्ग नसे. म्हणून रात्री घटकेच्या ठोक्यांनंतर प्रहराची खूणही वाजवावी, असा हुकूम त्याने दिला. गंमत म्हणजे, ज्या 'तासा'साठी आपण घटका बदली दिली, तो 'तास'ही फारसीत भांडेच. तिथे त्याचा अर्थ वाडगा.

'मुहूर्ता'ची गत याहून वेगळी नाही. मुहूर्त म्हणजे दोन घटका, ४८ मिनिटांचा कालखंड. दिवस-रात्रीत असे ३०. सूर्योदयापूर्वी ९६ मिनिटांपासून ४८ मिनिटांपर्यंतचा ब्राह्ममुहूर्त हा त्यांतलाच एक. लग्नपत्रिकेवर मात्र '१२ वाजून ३७ मिनिटे' असा नेमका क्षण छापतात आणि त्याला मुहूर्त म्हणतात. अर्थात मूळ अर्थाने पाऊण तासाची मोकळीक दिली, तर मंगलाष्टकांना कोण आवरणार?

जाता जाता एक विनंती. पंचांगाच्या सदरात आपण कधी कधी तिथीपुढे नुसते 'घ. प.' (घटी-पळे; घटी म्हणजे घटकाच) छापता. हे आकडे सूर्योदयापासून मोजायचे असतात, मध्यरात्रीपासून नव्हे, ही ओळ तिथेच द्यावी. तिथी १४ घटी ३० पळे असेल तर सूर्योदयानंतर ५ तास ४८ मिनिटांनी ती संपते, सूर्य ६.२० ला उगवला असेल तर दुपारी १२.०८ ला. निम्मे वाचक आज तो आकडा पाहून दुपारी अडीच वाजता उपास सोडत असतील.

आपला,
एक नियमित वाचक