बुटांना तेल का लावत नाहीत?

क्राकूव, पोलंड

ती. काकांस साष्टांग नमस्कार,

ऑश्वित्झच्या, म्हणजे नाझींच्या मृत्यूछावणीच्या, संग्रहालयातल्या, तिथे आणलेल्या मुलांच्या बुटांचे फोटो पाहून तुम्ही विचारलंत, कातडं एवढं भेगाळलंय तर तेल का चोळत नाहीत?

चप्पल पायात घालायची असेल तर तेल बरोबर. हे बूट कुणी घालायचे नाहीत. मुरलेलं तेल परत काढता येत नाही. काही वर्षांनी ते काळपट, चिकट होतं, धूळ धरतं, आणि लेस ओवायच्या पितळी कड्यांवर हिरवी बुरशीसारखी पुटं चढतात. पाण्यानं धुवावं तर टाचेचे बारीक खिळे गंजतात. सालीनं कमावलेल्या कातड्यात गंज उतरला की काळा डाग पडतो, हे हिरडा-बाभळीच्या कातड्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला मी काय सांगू! हवाही जपावी लागते. कोरडी पडली की कातडं चिरतं, आपल्या श्रावणासारखी झाली की बुरशी. साधारण 50 टक्के आर्द्रता मानवते.

तिथे मुलांचे बूट सुमारे 8000 आहेत, सगळे मिळून 1,10,000. प्रत्येक हातात घेऊन साफ करायचा. मऊ ब्रशनं धूळ सैल करून हलक्या ओढीच्या व्हॅक्यूमनं टिपायची, नळीच्या तोंडाला जाळी बांधून, म्हणजे सुटा धागा किंवा कपटा आत जात नाही. मग फोटो, स्कॅन, नोंद. उसवलेलं शिवायचं नाही. बाहेरून झिजलेली टाच, मागाहून ठोकलेला तुकडा, हाच तर पुरावा. भरून काढलात की चालणारं मूल पुसलं.

कपट्याचं एवढं कौतुक का? 2020 मध्ये एका छोट्या बुटात हातानं लिहिलेलं नाव आणि छावणीत आणणाऱ्या गाडीच्या तुकडीचा नंबर सापडला. त्यावरून कळलं की मुलगा 1938 चा, प्रागचा, आईबरोबर तेरेझीनच्या नाझी छावणीतून आणलेला. दुसऱ्या बुटात हंगेरियन कागद निघाले, बहुधा आतून अस्तर म्हणून कोंबलेले. सुटकेसींचंही तेच: सुमारे 3800, त्यातल्या 2100 वर मालकांची नावं रंगवलेली. सामान परत मिळेल असं सांगितलं होतं ना!

माणसांच्या डोक्यावरून कापलेले केस मात्र निराळे. सुमारे दोन टन उरलेत. ते माणसाच्या देहाचे अवशेष, म्हणून त्यांवर कसलीही प्रक्रिया करायची नाही असं ठरलंय. झिजतील तसे झिजू द्यायचे. त्या खोलीत फोटो काढू देत नाहीत, म्हणून पाठवलेल्यात तो नाही.

काकूंना नमस्कार.

तुमचा पुतण्या