दगडफुलाच्या जुन्या चिठ्ठ्या वाचवायला मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार,

गोड्या मसाल्यातले दगडफूल बाजारात एकाच नावाने मिळते, पण त्यात अनेक जातींची सरमिसळ असते. त्यांतली पार्मोट्रेमा टिंक्टोरम ही जात महाबळेश्वर परिसरात झाडांच्या खोडांवर आणि कातळावर राखाडी, रुंद पाळ्यांनी पसरते. या जातीच्या सुकवलेल्या नमुन्यांची कपाटभर पाकिटे आमच्या मंडळाकडे आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अजरेकर हर्बेरियमपुढे, म्हणजे तिथल्या सुकवलेल्या नमुन्यांच्या भांडारापुढे, हा संग्रह अगदी लहान, पण तो याच डोंगरांतला आहे.

प्रत्येक पाकिटावर चिठ्ठी असते: गाव, तारीख, झाड कोणते, उंची किती, गोळा कोणी केले. ‘रस्त्यालगतचा आंबा, खोडाची उत्तर बाजू’ एवढे लिहिलेले असले, तरी आज त्या जागी जाऊन दगडफूल टिकले आहे का, हे पाहता येते. ही जात हवा दूषित करणारा सल्फर डायऑक्साइड वायू सोसत नाही. जपानमध्ये शहरांची हवा जोखायला तिचाच उपयोग केला गेला. चिठ्ठी गेली तर पाकिटात फक्त मसाल्याचे दगडफूल उरते.

आणि चिठ्ठ्या जात आहेत. इथल्या पावसात शाई फुटते, कागदाला बुरशी येते, उरलेले कसर खाते.

म्हणून हे आवाहन. आम्लरहित कागद, सिलिका जेल, घट्ट झाकणाचे डबे अशी वस्तुरूप मदत सर्वांत आधी हवी. रोख देणगीचीही रीतसर पावती मिळेल. त्याहून अधिक गरज आहे ती जुने हस्ताक्षर लागणाऱ्या डोळ्यांची. निवृत्त शिक्षक, तलाठी, पोस्टमास्तर यांनी रविवारी दोन तास बसून चिठ्ठ्या वाचून दिल्या, तर मुले त्या संगणकावर उतरवतील. गावांची जुनी नावे तुम्हालाच ओळखता येतील.

एम.एस्सी.च्या काळातली पाकिटे कुणाच्या माळ्यावर असतील, तर ती आहेत तशीच द्यावीत. पुसू नयेत, चिठ्ठी बदलू नये. जात आम्ही तपासून घेऊ: वरची साल किंचित खरवडून आतल्या पांढऱ्या गरावर ब्लीचचा थेंब टाकला की या जातीत तो लाल होतो.

नवे नमुने मात्र कृपया आणू नयेत. दगडफूल फार सावकाश वाढते. जूनच्या आत जुनी पाकिटे कोरड्या डब्यांत गेली, तर यंदाचा पावसाळा निभावेल.

आपले नम्र,
मंडळाचे कार्यकर्ते