जांघेतली प्रत्येक गाठ अवधाण नसते

मा. संपादक,
स. न.

माझ्या मोठेबाबांना लिंगाच्या कातडीखाली जखम झाली होती. आठ महिने त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. ऐन कापूसवेचणीत जांघेत गाठ आली, तेव्हा दवाखान्यात नेलं. ‘काटा रुतला असेल, अवधाण आलं,’ म्हणून गोळ्या मिळाल्या. त्या संपल्या की पुन्हा त्याच. जखम कुणी पाहिली नाही, मोठेबाबांनी लाजेपोटी दाखवली नाही. नागपूर गाठून लिंगाचा कर्करोग असल्याचं कळेपर्यंत आणखी तीन महिने गेले.

आपल्या भागात हे सहज घडतं. अनवाणी पायाला काही लागलं की जांघेत गाठ येते, हत्तीपायाच्या रोगातही येते. पण लिंगाचा कर्करोगही आधी जांघेतल्या गाठींतच पसरतो, कधी दोन्ही बाजूंना, आणि तिथून ओटीपोटात. म्हणून जांघेत गाठ घेऊन पुरुष आला, तर डॉक्टरांनी आधी लिंग तपासावं. तिथे न भरणारी जखम असेल तर गोळ्या देऊन वाट पाहू नये, बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून लगेच तपासायला पाठवाव्यात.

नागपूरला आणखी एक गोष्ट कळली, ती अजून मनातून जात नाही. हाताला गाठ लागत नसली, तरी पाचांतल्या साधारण एका रुग्णाच्या जांघेत रोग पोहोचलेला असतो. इतका सूक्ष्म, की सीटी स्कॅनमध्येही दिसत नाही. खोल गेलेल्या कर्करोगात तर ही शक्यता जास्तच. तो शोधायला मूळ जखमेजवळ किरणोत्सारी द्रव्य आणि निळा रंग टोचतात. अशा बारीक गाठी प्रत्येकाच्या जांघेत असतातच; ते सर्वांत आधी त्यांतल्या ज्या गाठीत उतरतं, तेवढीच काढून तपासतात. ही कल्पना कबानास या डॉक्टरांनी १९७७ साली मांडली होती. ती गाठ स्वच्छ निघाली, तर जांघेतल्या साऱ्या गाठी काढायची मोठी शस्त्रक्रिया टळते, आणि त्यानंतर अनेकांच्या पायाला येणारी सूजही.

सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची विचारपूस होते, ती हवीच. पण हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन घरोघरी माणसं येतात, तेव्हा पुरुष आरोग्यसेवकाने पुरुषांना बाजूला घेऊन ‘लिंगावर न भरणारी जखम आहे का?’ हा एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे? आशाताईंजवळ आमच्याकडचे म्हातारे हे कधीच बोलणार नाहीत.

मोठेबाबांच्या दोन्ही जांघांची शस्त्रक्रिया झाली, आता किरणांचा शेक (रेडिएशन) चालू आहे. त्यांना विचारूनच हे लिहिलं. नाव मात्र छापू नये.

– एक वाचक, जि. चंद्रपूर