केस सरळ करण्याआधी

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

मामेभावाच्या लग्नाआधी केस सरळ करून घ्यायचे आहेत, त्यासाठी पैसे हवेत, असं तू फोनवर म्हणालीस. पैसे देते. केस तुझे आहेत, ठरवायचंही तूच. फक्त त्याआधी हे पत्र एकदा नीट वाच. फोनवर या गोष्टी अर्ध्याच राहतात.

लहानपणापासून प्रत्येक लग्नात कोणी ना कोणी विचारलंच आहे, "हिचे केस कायले असे झिपरे ठेवता वं?" तेव्हा तुझा चेहरा कसा उतरायचा ते मला ठाऊक आहे. पण हे केस तुझ्या आजीकडून आलेत. म्हातारपणीसुद्धा तिचा अंबाडा मुठीत मावत नव्हता आणि गावात त्याचं कौतुकच होतं.

सातवीच्या पोरांना सांगते तसं सांगते. केस त्वचेतल्या ज्या खळगीतून उगवतो ती वाकडी असली की केस वळण घेतच बाहेर येतो. डोक्याच्या त्वचेतून पाझरणारं तेल सरळ केसावरून उतारावरच्या पाण्यासारखं टोकापर्यंत जातं. कुरळ्या केसात ते वळणांवर अडतं. म्हणून मुळं तेलकट आणि टोकं रखरखीत, अशी तुझी तक्रार असते. त्यात बिघाड काही नाही. केसांना ओल कमी पडते, एवढंच.

पार्लरमध्ये काय करतात? केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्याच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या असतात. कायमचं सरळ करण्याची औषधं हे बंधच तोडतात. तुटलेले बंध पूर्वीसारखे कधीच जुळत नाहीत. आणि मुळाशी दर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर नवा केस येतो, तो कुरळाच. सहा महिन्यांत वर कुरळे, खाली सरळ, आणि दोन्हींच्या सांध्यावर केस तुटायला लागतो. 'केराटिन' म्हणून जे करतात त्यातल्या काही द्रवांतून गरम इस्त्री फिरवताना फॉर्मल्डिहाइडचा वायू निघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली तो माणसात कर्करोग करणारा ठरवला आहे. बंद खोलीत डोळे झोंबायला लागले तर उठून बाहेर ये, बाकी काही पाहू नको.

आता आपल्या घरचं. तुझ्या केसांना लागणारी सगळ्यात मोलाची वस्तू आपल्याकडे डब्यात पडून असते, ती म्हणजे जवस. आपण त्याची चटणी करतो, पण ते पाण्यात उकळलं की बुळबुळीत गर सुटतो. बाजारात 'हेअर जेल' म्हणून मिळतं त्याचं काम तो करतो. मूठभर कच्चं जवस घे, भाजलेलं नको. त्याच्या सात-आठ पट पाणी घालून लहान गंजात मंद आचेवर ठेव आणि ढवळत राहा. पळीतून तार सुटायला लागली की लगेच उतरव आणि गरम असतानाच पातळ सुती कापडातून गाळ. थंड झालं की गर इतका घट्ट होतो की कापडातून उतरतच नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. उन्हाळ्यात बाहेर ठेवलास तर दुसऱ्या दिवशीच वास मारेल.

न्हाणं आठवड्यातून एकदा पुरे, उन्हाळ्यात दोनदा. आदल्या रात्री खोबरेल लाव. सूर्यफुलाच्या तेलापेक्षा ते केसाच्या आत जास्त शिरतं आणि धुताना प्रथिन कमी झिजतं. शाम्पू डोक्याच्या त्वचेलाच चोळ, लांबीला नको. रिठा वापरू नकोस, तो कोरड्या केसांना अजून कोरडं करतो. कंडिशनर नसेल तर जास्वंदीची पानं पाण्यात चुरगाळून त्याचा चिकट रस लाव. तो केसांत असतानाच बोटांनी आणि मग मोठ्या दातांच्या कंगव्यानं गुंता सोडव, टोकाकडून मुळाकडे जात जात. वाळलेल्या केसांत कंगवा घालूच नको. वळण मोडतं, केस फुलतात आणि लोकांना ते झिपरे दिसतात. मग ओल्या केसांना जवसाचा गर लावून मुठीत धरून खालून वर दाब आणि सुती लुगड्याच्या तुकड्यानं टिपून घे. खरखरीत टॉवेलनं घासू नकोस. पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नकोस. वाळल्यावर थोडे कडक लागतील, तेव्हा तळहाताला दोन थेंब तेल लावून हलकेच चुरगाळ, मऊ होतात.

न्हाताना हातात केसांचा पुंजका येतो म्हणून घाबरली होतीस ना? रोज पन्नास ते शंभर केस गळणं कोणाचंही ठरलेलंच असतं. कुरळ्या केसांत ते अडकून राहतात आणि आठवड्याचे एकदम निघतात. चकत्या पडल्या किंवा खाज सुटली तर मात्र डॉक्टरांना दाखव. कानशिलाशी ओढून घट्ट वेणी घालू नकोस, तिथले केस कायमचे विरळ होतात.

पाण्याकडे मात्र लक्ष दे. आपला दर्यापूरकडचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीच्या पाण्यानं साबणाला फेस येत नाही आणि केस धुतल्यावर काथ्या होतात, म्हणून मी तुला नेहमी नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं न्हाऊ घालायची. नागपूरला होस्टेलमध्ये बोअरचं पाणी असेल तर त्यातही क्षार असणार, ते केसांवर बसतात. सगळी अंघोळ नाही जमणार, पण शेवटचे दोन गडवे फिल्टरच्या पाण्याचे घे.

रविवारी दादा तिकडे येतो आहे. त्याच्याजवळ किलोभर जवस, खोबरेल आणि माझ्या जुन्या मऊ लुगड्याचे दोन तुकडे देते. पैसे खात्यात टाकले आहेत. महिनाभर हे करून बघ. केस मनासारखे झाले तर त्या पैशांचं लग्नासाठी चांगलं पातळ घे, नाही झाले तर तुझ्या मनाप्रमाणे कर, मी रागावणार नाही.

होस्टेलच्या पाण्याला साबणाचा फेस येतो का, ते तेवढं कळव. त्यावरून शाम्पू कोणता घ्यायचा ते सांगते.

तुझी,
आई